जिभेची जखम दीड सेंटिमीटरची, मग मान का उघडायची? ‘मार्कर’च्या टेस्टबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वडील ५४ वर्षांचे, ओझरला असतात, तीसेक वर्षं तंबाखू-चुना चालू होता. जिभेच्या डाव्या कडेला दीड सेंटिमीटरची जखम, बायोप्सीत कॅन्सर निघाला. एमआरआयमध्ये जखम ६ मिलिमीटर खोल दिसते. मानेत गाठ हाताला लागत नाही, सोनोग्राफीही स्वच्छ. तरी सर्जन म्हणतात, जिभेबरोबर डाव्या बाजूची मानही साफ करायची, म्हणजे तिथल्या ग्रंथी काढायच्या. अशात एका नातेवाइकाने सांगितलं की बायोप्सीच्या त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) मार्करची, म्हणजे कॅन्सरबद्दल अंदाज देणाऱ्या खुणांची, तपासणी होते, ३५ हजार रुपये, तीन आठवड्यांत रिपोर्ट. तो ‘लो रिस्क’ आला तर मानेचं ऑपरेशन वाचतं. मग करायची का?

मी कोण ते सांगते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. नाशिकमध्ये बावीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी तोंडाच्या कॅन्सरच्या स्लाइडी बघण्यात गेली. पेशंट मला सहसा भेटत नाही, त्याचा तुकडा भेटतो. त्यामुळे ऑपरेशन कसं करावं हे मी सांगणार नाही, ते तुमच्या सर्जनचं काम. पण मार्कर म्हणून जे काही तपासतात ते माझ्याच टेबलावर तपासलं जातं, म्हणून त्याबद्दल बोलण्याचा हक्क मला आहे असं धरते.

उत्तर आधीच देऊन टाकते: त्या रिपोर्टच्या भरवशावर मान सोडू नका, आणि त्याच्यासाठी तीन आठवडे थांबूही नका. मात्र मानेला हात न लावता भागेल का, हा तुमचा मूळ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर काही पेशंटांच्या बाबतीत ‘हो’ असतं. ते कोणाच्या, आणि कशावरून ठरतं, हेच खरं बोलायचं आहे.

पहिल्यांदा एक गोंधळ दूर करू. इंटरनेटवर तोंडाच्या कॅन्सरचे मार्कर म्हणून जे सापडतं त्यात तीन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत भरलेले असतात. एक, कॅन्सर आहे का? लाळेच्या टेस्टचं बहुतेक संशोधन यासाठी चाललंय. तुमच्या वडिलांना बायोप्सीने त्याचं उत्तर मिळालंय, त्यामुळे लाळ आता बाजूला ठेवा. दोन, कोणतं औषध लागू पडेल? पीडी-एल१ ही टेस्ट त्यासाठी, इम्युनोथेरपी द्यायची वेळ आली तर. कॅन्सर मानेत पसरेल का हे ती सांगत नाही. पी१६ नावाची आणखी एक टेस्ट लोक हौसेने करून आणतात. ती घशाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये फार महत्त्वाची आहे, पण तंबाखूच्या जागी झालेल्या जिभेच्या कडेच्या कॅन्सरमध्ये तिने काही ठरत नाही. आणि तीन, हा कॅन्सर लवकर पसरेल का? तुमचा प्रश्न हा तिसरा, आणि तिघांत अवघड हाच.

आता सर्जन मान का म्हणतात ते. जिभेचा कॅन्सर पसरतो तो आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत. गावाकडे दात दुखला की मानेत अवधाण येते म्हणतात ना, त्याच गाठी. जीभ म्हणजे नुसता स्नायू, दिवसभर हलणारा, आणि लसिका वाहिन्यांचं जाळं अगदी दाट. कॅन्सरच्या पेशी एकदा त्या जाळ्यात शिरल्या की त्यांना अडवणारं हाड मध्ये येत नाही. म्हणून जखम लहान आणि मान स्वच्छ असतानाही १०० पैकी २० ते ३० पेशंटांच्या मानेत कॅन्सर आधीच पोचलेला असतो. तो सोनोग्राफीत दिसत नाही कारण ग्रंथी सुजलेलीच नसते. दोन मिलिमीटरपेक्षा छोटा पुंजका ग्रंथीच्या कडेला बसलेला मी कित्येकदा स्लाइडवर पाहिलाय. असा पुंजका पेट स्कॅनलाही दिसत नाही. ३५ हजार वाचवून पेट स्कॅन करू का, असा पुढचा प्रश्न तुमच्या मनात असेल तर त्याचंही उत्तर यातच आलं.

काही वर्षांपूर्वी दिंडोरीचे एक द्राक्ष बागायतदार ब्लॉक न्यायला माझ्याकडे आले होते. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर होता आणि दुसरं मत घ्यायला ते परळला टाटा हॉस्पिटलला निघाले होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “मॅडम, द्राक्षावरच्या डाऊनी बुरशीचं असंच असतं. पानाखाली पांढरं दिसलं की उशीर झालेला असतो. पण म्हणून आम्ही रोज फवारत नाही, परवडत नाही आणि मालालाही चालत नाही. बागेत यंत्र बसवलंय. पान किती तास ओलं राहिलं, हवेत दमटपणा किती, ते बघून फवारणी ठरवतो. तुमच्याकडे तसं यंत्र नाही का?”

मार्करचं सगळं संशोधन म्हणजे या यंत्राचाच शोध आहे. १०० जणांची मान उघडायची आणि ७० ते ८० जणांच्या ग्रंथी निरोगी निघायच्या, हे कुठल्याच सर्जनला आवडत नाही. पण यंत्र खात्रीचं नसेल तर काय होतं, याचा सगळ्यांत चांगला पुरावा बाहेरच्या देशातला नाही, आपल्याच मुंबईचा आहे. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे पेशंट दोन गटांत विभागले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मान साफ केली. दुसऱ्यात फक्त तोंडाचं ऑपरेशन केलं, मानेवर लक्ष ठेवलं, आणि गाठ आली तरच मान उघडली. २०१५ मध्ये ५०० जणांचा निकाल छापून आला. आधीच मान साफ केलेल्या २४५ पैकी ८१ जणांचा आजार उलटला, ५० जण गेले. लक्ष ठेवलेल्या २५५ पैकी १४६ जणांचा उलटला, ७९ गेले. तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्के विरुद्ध ६७.५ टक्के. ‘गाठ आली की बघू’ हे धोरण ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण गाठ हाताला लागेपर्यंत कॅन्सर बऱ्याचदा ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आलेला असतो. मग नुसत्या ऑपरेशनवर भागत नाही, रेडिएशन लागतं, सोबत सिस्प्लाटिन हे केमोचं औषधही लागतं. तुमच्या सर्जनच्या बोलण्यामागे हा अभ्यास आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या कॅन्सरची खोली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त होती त्यांना मान साफ करण्याचा फायदा स्पष्ट होता. त्याहून उथळ जखमांत तो तसा दिसला नाही. म्हणजे दिंडोरीच्या काकांचं यंत्र आमच्याकडे आहे. ते आहे मिलिमीटरची एक पट्टी, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात बसवलेली.

ही खोली कशी मोजतात ते जरा जवळून दाखवते, कारण रिपोर्टमधला सगळ्यांत मोलाचा आकडा हाच आणि चुकण्यासारखाही हाच. ऑपरेशनमध्ये काढलेला जिभेचा भाग फॉर्मॅलिनमधून माझ्याकडे येतो. त्याचे उभे काप करायचे, ब्रेडच्या स्लाइससारखे. जिथे जखम सर्वांत खोल वाटते तो काप मेणात बसवायचा, त्याची चार-पाच मायक्रॉनची चकती काढायची आणि गुलाबी-निळ्या रंगात रंगवायची. मग जखमेच्या शेजारची निरोगी त्वचा शोधायची. तिच्या सगळ्यांत खालच्या थराखाली एक पातळ पडदा असतो, त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. त्या पडद्याच्या पातळीवरून जखमेच्या पलीकडच्या निरोगी त्वचेपर्यंत मनात एक आडवी रेघ ओढायची, आणि त्या रेघेवरून गवंड्यासारखा ओळंबा सोडायचा. कॅन्सरची सर्वांत खोल पेशी जिथे भेटेल तिथपर्यंतचं अंतर म्हणजे डेप्थ ऑफ इन्व्हेजन.

गाठीची जाडी आणि ही खोली एक नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः त्यात फसले आहे. फुलकोबीसारखी वर वाढलेली एक गाठ आली होती, मी वरच्या टोकापासून मोजून ९ मिलिमीटर लिहिलं. सर्जनचा फोन आला, “मॅडम, हाताला तर वरवर लागत होती.” स्लाइड पुन्हा काढली, ओळंबा नीट सोडला, खोली ३ च्या आसपास भरली. खड्डा पडलेल्या जखमेत उलटं होतं. वरचा भाग झडून गेलेला असतो, म्हणून नुसती जाडी मोजली तर आकडा फसवा कमी येतो. तुमच्या वडिलांची जखम खड्ड्याची आहे की उंचवट्याची ते तुम्ही लिहिलेलं नाही. बायोप्सी रिपोर्टमध्ये ‘अल्सरेटिव्ह’ असा शब्द आहे का बघा.

२०१७ मध्ये आलेल्या एजेसीसीच्या (कॅन्सरच्या पायऱ्या ठरवणाऱ्या अमेरिकन समितीच्या) आठव्या आवृत्तीपासून तोंडाच्या कॅन्सरची टी-स्टेज, म्हणजे मूळ गाठीची पायरी, ठरवताना लांबी-रुंदीबरोबर ही खोलीही धरतात. ५ मिलिमीटरपर्यंत एक, ५ ते १० मध्ये दुसरी, १० च्या पुढे तिसरी. म्हणजे तुमच्या वडिलांची जखम दीडच सेंटिमीटरची असली तरी ६ मिलिमीटर खोली खरी निघाली तर ती टी-१ राहत नाही, टी-२ होते. एमआरआयचा आकडा स्लाइडवरच्या आकड्यापेक्षा थोडा जास्तच येतो, हे लक्षात ठेवा. ६ चे प्रत्यक्षात ४-५ निघू शकतात. पण मान साफ करण्याचा विचार साधारण ३-४ मिलिमीटरपासूनच सुरू होतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत निर्णय काठावरचा नाही.

“मग खोली बायोप्सीतच का नाही मोजली?” असं विचाराल. बायोप्सीचा तुकडा तीन-चार मिलिमीटरचा असतो, बहुतेक वेळा जखमेच्या कडेचा. विहिरीच्या काठावर बसून पाणी किती खोल आहे हे सांगता येत नाही.

खोलीशिवाय स्लाइडवर आणखी काही गोष्टी बघते. त्यातली मला सगळ्यांत बोलकी वाटते ती कॅन्सरच्या पुढच्या कडेची ठेवण. काही कॅन्सर एकसंध ढकलत पुढे सरकतात, मोठ्या गोल आघाडीने. काहींची आघाडी फुटलेली असते. दोन-चार पेशींचे सुटे पुंजके स्नायूत इकडे तिकडे पांगलेले, मुख्य गाठीपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर दूर. पहिल्या प्रकारात मी निवांत असते, दुसरा दिसला की मानेच्या ग्रंथी दुप्पट बारकाईने चाळते. या सुट्या पुंजक्यांना आम्ही बड म्हणतो आणि ते मोजतो. त्याशिवाय पेशी नसेच्या (मज्जातंतूच्या) भोवती गुंडाळल्या आहेत का, लसिका किंवा रक्तवाहिनीच्या आत शिरल्या आहेत का, हेही बघते. यातलं काहीही दिसलं तर पसरण्याची शक्यता वाढते. हेही मार्करच आहेत, फक्त त्यांना वेगळी किट लागत नाही आणि वेगळं बिलही येत नाही.

आता तुमच्या ३५ हजारांच्या रेण्वीय, म्हणजे पेशीतली प्रथिनं-जनुकं तपासणाऱ्या, मार्करकडे येते. त्यामागचं विज्ञान खोटं नाही, उलट फार देखणं आहे. निरोगी त्वचेच्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. कॅन्सरच्या कडेवरच्या पेशी ही पकड सैल करतात. एमएमपी गटाची विकरं तो पातळ पडदा कुरतडतात. व्हीईजीएफ-सी नावाचा निरोप पाठवून पेशी आजूबाजूला नव्या लसिका वाहिन्या वाढवून घेतात, म्हणजे स्वतःसाठी रस्ता बांधून घेतात. पोडोप्लॅनिन, लॅमिनिन-गॅमा-२ ही प्रथिनं कडेवर चमकतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमधली एकेक पेशी सुटी करून वाचली. कडेवरच्या पेशी अर्धवट रूप बदलतात, पूर्ण नाही, आणि ज्या गाठींत हा अर्धवट बदल जास्त त्यांचा मानेत प्रसार जास्त, असं त्यात दिसलं. माझ्या बडच्या मोजणीला रेण्वीय भाषेतलं नाव मिळालं, असं मला तेव्हा वाटलं.

मग अडतं कुठे? पहिली अडचण तुकड्याची. हा सगळा खेळ गाठीच्या खोल कडेवर चालतो आणि बायोप्सी बहुतेकदा वरून घेतलेली असते. कांद्याच्या चाळीच्या दारातला कांदा दाबून बघितला तर आत सडलाय का ते कळेलच असं नाही. ही प्रथिनं मोजणारे बरेचसे अभ्यास ऑपरेशननंतर मिळालेल्या पूर्ण गाठीवर झालेत. तुम्हाला मात्र निर्णय हवाय ऑपरेशनच्या आधी, बायोप्सीवरून.

दुसरी अडचण मोजण्याची. स्लाइडवर प्रथिन रंगवलं की ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांतली रेघ कुठे ओढायची? दहा टक्के पेशी रंगल्या तर जास्त की पन्नास? पुष्कळ लहान अभ्यासांत ही रेघ निकाल बघूनच ओढलेली असते. साठ-सत्तर पेशंट, एकच हॉस्पिटल, एकच अँटिबॉडी, आणि सोयीची रेघ. तोच मार्कर दुसऱ्या गावात, दुसऱ्या अँटिबॉडीने तपासला की फरक विरून जातो. अशा अभ्यासांनी काय-काय उघड करावं याचे नियम २००५ सालीच ठरलेत. अजूनही निम्मे पेपर वाचताना त्यांची आठवण करून द्यावीशी वाटते, हे माझं खासगी मत.

तिसरी अडचण आपली. आपल्याकडचा कॅन्सर बऱ्याचदा गालाचा आणि हिरडीचा, तंबाखू-सुपारी-चुन्याच्या पुडीच्या जागी होणारा. २०१३ मध्ये भारतीय चमूने अशा गाल-हिरडीच्या कॅन्सरची जनुकं वाचली तेव्हा पी५३ या जनुकातल्या बदलासारख्या ओळखीच्या बदलांबरोबर इतरत्र न दिसलेली काही नावंही निघाली. दुसऱ्या देशातल्या, सिगारेट आणि दारूच्या पेशंटांवर बेतलेली पट्टी आपल्या मावा-मिसरीवाल्या पेशंटला जशीच्या तशी लावण्याआधी ती इथे तपासलेली असावी, एवढीच माझी मागणी आहे.

आणि चौथी, जी कोणी तोंडावर सांगत नाही: एखादा मार्कर प्रसाराशी जोडलेला असेलही, पण खोलीचा आकडा आधीच हातात असताना तो त्यात नवीन काय भर घालतो? बऱ्याच वेळा काहीच नाही. खोल गाठींत तो जास्त असतो, इतकंच.

तरीही आकड्यांनी बोलू. समजा, वडिलांसारखे १०० पेशंट आहेत. २५ जणांच्या मानेत लपलेला कॅन्सर आहे, ७५ जणांच्या नाही. टेस्ट चांगली धरू: आजार असलेल्या शंभरातले ८० पकडते, नसलेल्या शंभरातल्या ८० जणांना बरोबर सोडते. मग २५ पैकी २० सापडले, ५ सुटले. ७५ पैकी ६० जणांना ‘लो रिस्क’ची चिठ्ठी मिळाली, १५ जणांना उगाच ‘हाय रिस्क’. म्हणजे ‘लो रिस्क’ची चिठ्ठी ६५ जणांच्या हातात, आणि त्यातल्या ५ जणांच्या मानेत कॅन्सर आहे. तेरांत एक. तुम्ही म्हणाल, हे वाईट नाही. कागदावर खरंच नाही. मानेत कॅन्सर असण्याची शक्यता २० टक्क्यांहून कमी असेल तर थांबायला हरकत नाही, असा एक जुना हिशेब १९९४ पासून सर्जन मंडळी वापरत आली आहेत, त्यात हे बसतं. आता तीच टेस्ट बायोप्सीच्या तुकड्यावर, दुसऱ्या लॅबमध्ये ८० ऐवजी ६० वर घसरली असं धरा. २५ पैकी १० सुटतील, ७५ पैकी ४५ बरोबर सुटतील. चिठ्ठी ५५ जणांकडे, त्यात १० जणांच्या मानेत कॅन्सर. म्हणजे १८ टक्के. काहीच टेस्ट न करता शक्यता २५ टक्के होती. ३५ हजार आणि तीन आठवडे देऊन तुम्ही २५ वरून १८ वर आलात, आणि हातातल्या कागदावर लिहिलंय ‘लो रिस्क’. ८० आणि ६० हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. लॅबवाल्यांना त्यांचे आकडे विचारा. ते बायोप्सीवरचे आहेत की पूर्ण गाठीवरचे, आणि भारतीय पेशंटांवर किती, तेही विचारा. उत्तर गोल-गोल आलं की समजून जा.

मान वाचवण्याचा एक तपासलेला मार्ग मात्र आहे, तो मार्करचा नाही. सेंटिनल नोड बायोप्सी. जखमेभोवती किरणोत्सारी टेक्नेशियमचं इंजेक्शन देतात, ते ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोचतं ती गॅमा प्रोबने (किरण टिपणाऱ्या यंत्राने) शोधून तेवढीच काढतात. ती मग माझ्यासारखीच्या ताब्यात येते. नेहमी ग्रंथीचे दोन-तीन काप बघून भागतं, इथे पातळ-पातळ चकत्यांवर चकत्या काढून खास रंगाने पेशी शोधाव्या लागतात. स्वच्छ निघाली तर बाकीची मान तशीच राहते. कॅन्सर निघाला तर काही दिवसांत दुसरं ऑपरेशन. फ्रान्समधल्या २०२० च्या आणि जपानमधल्या २०२१ च्या चाचण्यांत हा मार्ग पूर्ण मान साफ करण्याच्या तोडीचा ठरला आणि खांदा-मानेचा त्रास कमी झाला. पण न्यूक्लिअर मेडिसिन, सरावलेला सर्जन आणि वेळ देणारा पॅथॉलॉजिस्ट तिघंही लागतात. जिभेखाली, तोंडाच्या तळाशी असलेल्या जखमेत इंजेक्शनची चमकच शेजारच्या ग्रंथीला झाकून टाकते, तिथे हे अवघड जातं. वडिलांची जखम कडेची आहे, तेव्हा विचारून बघा. विचारताना ‘करता का’ एवढंच नको, ‘आजवर किती केल्या’ हेही विचारा.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगते. खोली दोन-अडीच मिलिमीटर असती, आघाडी एकसंध असती आणि पेशंट दर महिन्याला नेमाने दाखवायला येणारा असता, तर मान सोडून लक्ष ठेवण्यावर मी आक्षेप घेतला नसता. खालच्या ओठाच्या किंवा टाळूच्या लहान कॅन्सरमध्येही विचार वेगळा होतो. हृदय कमजोर असेल, भूल लांबवणं धोक्याचं असेल तर गणित बदलतं. पण ‘दर महिन्याला येऊ’ याचा अर्थ मी बावीस वर्षांत नीट शिकले आहे. छाटणी आली, लग्नसराई आली, कांदा काढायला आला की तीन महिने कोणी फिरकत नाही. त्यात पेशंटचा दोष नाही, जगणंच तसं आहे. निर्णय घेताना ते धरायला हवं.

मान साफ करणं म्हणजे सगळी मान सोलणं नव्हे. या टप्प्यावर बहुतेक जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या-मधल्या भागातल्या ग्रंथी काढतात. खांद्याची नस जपतात, तरी काही महिने हात वर करताना खांदा ओढतो, कानाची पाळी बधिर राहते. जखम भरली की फिजिओथेरपी लगेच सुरू करायची, दुखतंय म्हणून हात छातीशी धरून बसायचं नाही.

आता करायचं काय ते. ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर ती पुढे ढकलू नका. हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, त्या योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं येतात. दुसरं मत हवं असेल तर जरूर घ्या, पण त्यासाठी स्लाइडी आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही मागून घ्या. तो तुमच्या वडिलांचाच आहे. मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. एका पेशंटने कसाऱ्यापर्यंत तसा नेला होता, मेण मऊ पडून तुकडा तिरका झाला आणि पुन्हा बसवावा लागला.

ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आला की ‘कॅन्सर निघाला का’ हे शोधत बसू नका, तो असणारच. त्यात खोली मिलिमीटरमध्ये लिहिली आहे का, कडा किती मिलिमीटर मोकळ्या आहेत, नसेत किंवा वाहिनीत पेशी आहेत का, आणि मानेतल्या किती ग्रंथी मिळून किती बाधित, हे बघा. १८ किंवा त्याहून जास्त ग्रंथी मिळाल्या तर मान नीट साफ झाली असं मानतात. बाधित ग्रंथीचं कवच फुटलंय का, ही ओळ सगळ्यांत आधी शोधा, पुढचं रेडिएशन-केमो मुख्यतः तिच्यावर ठरेल. यातली एखादी गोष्ट लिहिलेलीच नसेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारा. आम्ही रागावत नाही, स्लाइड पुन्हा बघायला दहा मिनिटं लागतात.

वडिलांना ऑपरेशनआधी तंबाखू सोडायला सांगितलंच असेल. बऱ्याच घरांत ती खिशातून जाते आणि उशीखाली सापडते. एकदा उशी उचलून बघा.